शेफिल्ड, चार पोरं आणि करार नसलेला बँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी लेक सतरा वर्षांची आहे. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या चार जणांच्या एका गिटार बँडमध्ये ती बेस, म्हणजे चार तारांची खालच्या सुरांची गिटार, वाजवते. बँडला अजून कोणत्याही लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, घेतलेलं नाही, म्हणजे इथल्या बोलीत तो ‘अनसाइन्ड’ आहे. मंडळाच्या गणपतीत, पुण्याहून येणाऱ्या फोनवर, मुलांना आणायला जाताना गाडीत, सगळीकडे मला तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवते आहे. आर्क्टिक मंकीज या बँडचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल. ते याच शहरातले, करार होण्याआधीची त्यांची तीन वर्षं मला जवळची वाटतात, आणि त्या वर्षांबद्दल एक अर्धवट समज लोकांच्या मनात घट्ट बसला आहे.

अनसाइन्ड म्हणजे हौशीच ना?

नाही. करार असतो तो रेकॉर्ड कंपनीशी. लेबल रेकॉर्डिंगचा, छपाईचा, प्रसिद्धीचा खर्च करतं आणि त्या बदल्यात रेकॉर्डिंगचे हक्क किंवा त्यांतला वाटा घेतं. बँडला आगाऊ रक्कमही देतं. ही रक्कम म्हणजे उचल. पुढच्या कमाईतून आधी ती फिटते, मग उरेल ते हाती येतं. रेकॉर्ड चाललीच नाही तर सहसा ती कुणी परत मागत नाही. करार नसलेला बँड हा सगळा खर्च स्वतः करतो, आणि जे रेकॉर्ड करतो ते पूर्णपणे त्याचंच राहतं. मन लावून, वेळ पाळून, दर आठवड्याला तालीम करणारे कितीतरी बँड अनसाइन्ड असतात.

असा बँड सुरू कसा होतो? संगीत शिकलेली मुलं लागतात का?

शेफिल्डच्या उत्तरेला हाय ग्रीन नावाचं उपनगर आहे. आर्क्टिक मंकीजचा गायक ॲलेक्स टर्नर आणि मॅट हेल्डर्स तिथे शेजारी म्हणून वाढले. जेमी कुकही तिथलाच. २००१ च्या नाताळात टर्नर आणि कुकला घरच्यांनी गिटार दिल्या. अँडी निकल्सनने बेस धरला. हेल्डर्सच्या वाट्याला ड्रम आले, कारण बाकी काही उरलंच नव्हतं. हे त्याने स्वतःच सांगितलं आहे. २००२ मध्ये बँड उभा राहिला आणि पहिला गिग, म्हणजे लोकांसमोरचा कार्यक्रम, झाला १३ जून २००३ ला, शहरातल्या द ग्रेप्स या पबमध्ये. नाताळात गिटार हातात आली तेव्हापासून पब गाठेपर्यंत जवळजवळ दीड वर्ष गेलं.

ड्रमची ती गोष्ट मला फार धीर देते. आमच्या लेकीलाही गिटारच हवी होती. पण मैत्रीण आणि तिचा वर्गमित्र आधीच गिटार घेऊन बसले होते. ती बेसकडे वळली ती नाइलाजाने. आता तिला त्या चार तारांवरून हलवून दाखवा.

तालीम कुठे करतात? शेजारी तक्रार करत नाहीत?

करतात. म्हणून घरची तालीम दोन-तीन महिन्यांवर टिकत नाही.

शेफिल्ड हे पोलादाचं शहर. कारखाने बंद पडत गेले तशा जाड विटांच्या, आजूबाजूला वस्ती नसलेल्या इमारती रिकाम्या झाल्या आणि त्यांतल्या काहींत तालमीच्या खोल्या आल्या. नीपसेंड भागातला यलो आर्च स्टुडिओ अशाच जुन्या कारखान्यात आहे. आर्क्टिक मंकीजच्या सुरुवातीच्या तालमी तिथे झाल्या. खोली तासांच्या हिशेबाने भाड्याने मिळते. ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) आणि ड्रम बहुतेक ठिकाणी तिथलेच असतात.

आमची चौघं दर गुरुवारी जातात त्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना जुने गालिचे ठोकलेले आहेत. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या खुणा आहेत, आधीच्या कुठल्या कुठल्या बँडनी ड्रमच्या पायांसाठी करून ठेवलेल्या. जानेवारीत आत शिरलं की लेक आधी बेस नुसताच अंगाशी धरून बसते, कारण थंडीतून आलेली तार लगेच लावली तर दहा मिनिटांत पुन्हा उतरते. एकदा मी लवकर पोहोचले तेव्हा पोरं एकाच जागेवर पाऊण तास अडली होती. ड्रमचा किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, आणि बेसचा पहिला स्वर एकत्र पडत नव्हता. शेवटी ड्रमवाल्याने झांजा बाजूला सारल्या, काठ्या खाली ठेवल्या आणि नुसता पाय चालवायला लागला. लेक त्याच्या बुटाकडे बघत वाजवत राहिली. किती वेळ ते मी मोजलं नाही. मग एका क्षणी दोन आवाजांचा एकच आवाज झाला, आणि गाणारी पोरगी काही न बोलता माइकपाशी जाऊन उभी राहिली.

पहिला गिग कसा मिळतो?

मागून. लहान जागांचे कार्यक्रम प्रमोटर ठरवतो. एका संध्याकाळी तीन-चार बँड असतात. शेवटचा हेडलाइनर, बाकीचे सपोर्ट. सगळ्यांत नवा बँड सगळ्यांत आधी, अर्धा तास. प्रमोटरला मेल पाठवताना दोन गाण्यांची लिंक, गावाचं नाव आणि किती माणसं येतील याचा खरा आकडा, एवढं पुरतं. खोटा आकडा सांगितलात तर दुसऱ्यांदा बोलावणं येत नाही.

ज्या प्रमोटरला लिहायचं त्याच्या कार्यक्रमाला आधी तिकीट काढून जा, हे मी प्रत्येकाला सांगते. पोरांना ध्वनियंत्रणा कळते, रंगमंचाची उंची कळते, आणि दारावरच्या माणसाला चेहरा ओळखीचा होतो.

सामानाबद्दल एक गोष्ट आधी कळली असती तर आमची पहिली फजिती टळली असती. ड्रमचा मोठा संच आणि ॲम्प बहुधा सगळे बँड मिळून वापरतात, पण प्रत्येक ड्रमवाल्याने स्वतःचा स्नेअर (काठ्यांनी वाजवायचा मुख्य छोटा ड्रम), झांजा, किकचं पेडल आणि स्टूल आणायचं असतं. त्याला इथे ‘ब्रेकेबल्स’ म्हणतात. आम्ही स्नेअर घरी ठेवून गेलो होतो. हेडलाइनरच्या ड्रमवाल्या मुलीने तिचा दिला, वर किल्ली काढून तो आमच्या मुलाच्या हाताला हवा तसा ताणूनही दिला. त्या मुलीला मी विसरणार नाही.

पैसे मिळतात का?

थोडे. अनेक जागी दारावर विचारतात, ‘कुठल्या बँडसाठी आलात?’ आणि त्या नावापुढे एक रेघ मारतात. ठरलेल्या संख्येपुढे प्रत्येक माणसामागे बँडला वाटा मिळतो. आमच्या पोरांना पहिल्यांदा मिळाले २४ पौंड, चौघांत प्रत्येकी सहा. पार्किंगचे मी दिले.

एक सावधगिरी. काही आयोजक बँडलाच तिकिटांचा गठ्ठा आधी विकत घ्यायला लावतात आणि ‘विका आणि वसूल करा’ म्हणतात. आम्ही एकदा या जाळ्यात सापडलो. वीस तिकिटं घेतली, सात खपली, उरलेल्यांचे पैसे पोरांच्या शनिवारच्या नोकरीच्या पगारातून गेले. असं पुन्हा करणार नाही, तुम्हीही करू नका. म्युझिशियन्स युनियन ही १८९३ पासूनची संघटना अशा अटी तपासायला आणि करार वाचून द्यायला मदत करते. सभासद व्हायला लेबल असावं लागत नाही.

आर्क्टिक मंकीज इंटरनेटमुळे मोठे झाले. मग गिगच्या मागे कशाला लागायचं?

हाच तो अर्धवट समज, आणि याचं उत्तर मला सविस्तर द्यायचं आहे.

२००३ पासून या मुलांनी शेफिल्डच्या टूफ्लाय स्टुडिओत डेमो, म्हणजे नमुन्याची गाणी, रेकॉर्ड करायला सुरुवात केली. त्यांच्या सीडी त्यांनी स्वतःच कॉपी करून तयार केल्या आणि गिगला आलेल्यांना फुकट वाटल्या. सीडी सगळ्यांना पुरणं शक्यच नव्हतं. ज्यांना मिळाली त्यांनी गाणी संगणकावर चढवली आणि ज्यांना मिळाली नव्हती त्यांना पाठवली. एका श्रोत्याला ती सीडी बोर्डवॉक नावाच्या जागी मिळाली होती, म्हणून त्याने त्या गाण्यांच्या संचाला ‘बिनीथ द बोर्डवॉक’ असं नाव दिलं. आज लोक त्या डेमोंना याच नावाने ओळखतात, आणि ते बँडने दिलेलं नाही. मायस्पेस या तेव्हाच्या सोशल साइटवरचं त्यांचं पानसुद्धा त्यांनी बनवलं नव्हतं. ते चाहत्यांनी बनवलं होतं.

आता क्रम पाहा. आधी पबची मागची खोली. त्या खोलीत घामाघूम होऊन ऐकणारा कुणीतरी. त्याच्या हातात सीडी. मग संगणक. फाइल पुढे पाठवणाऱ्याकडे पाठवायला कारण होतं, कारण मागच्याच आठवड्यात त्याने त्या मुलांना दहा फुटांवरून पाहिलं होतं. लवकरच असं झालं की कुठल्याही दुकानात न मिळणारी गाणी समोरची गर्दी शब्दन् शब्द म्हणू लागली. इंटरनेटने गाणी शहराबाहेर नेली हे खरं. पण ती गाणी तोवर त्या खोल्यांत वाजून वाजून घट्ट झालेली होती. कोणती ओळ लोक उचलतात, कुठे पाय थांबतात, हे त्यांना दर गिगला समोर दिसत होतं. त्या डेमोंमधली बरीच गाणी पुढे पहिल्या अल्बमवर गेली.

त्या बोर्डवॉकबद्दलही सांगायला हवं. टर्नर तिथे बारमागे काम करायचा, ग्लास भरायचा. कवी जॉन कूपर क्लार्क यांना त्याने तिथेच ऐकलं, आणि साध्या बोलण्यातून ओळ कशी उभी करायची हे त्याच्या मनात रुजलं. याच जागेचं नाव पूर्वी ब्लॅक स्वान होतं. लंडनच्या द क्लॅश या बँडचा पहिलावहिला गिग ४ जुलै १९७६ ला इथेच झाला, सेक्स पिस्टल्स या बँडच्या आधी. आता बोर्डवॉक नाही. अशा जागा एकेक करून मिटत गेल्या म्हणून २०१४ मध्ये म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. एवढुशा खोलीत किती जणांची सुरुवात दडलेली असते ते बघितलं की पोटात कालवतं.

आमचा मुलगा रोज रील टाकतो, गिग मात्र करत नाही. चालेल?

टाकू द्या. पण महिन्यातून एकदा तरी त्याला माणसांसमोर उभं करा. रीलवर लोक कुठल्या सेकंदाला निघून गेले हे आकड्यांत कळतं. का गेले हे चेहऱ्यावरच दिसतं.

डेमोत किती गाणी असावीत आणि पाठवायची कुठे?

दोन, फार तर तीन. सगळ्यांत चांगलं पहिलं ठेवा. बीबीसीने २००७ मध्ये बीबीसी इंट्रोड्यूसिंग सुरू केलं ते करार नसलेल्या आणि नव्या कलाकारांसाठीच. गाणं त्यांच्या संकेतस्थळावर चढवलं की ते आपल्या भागातल्या रेडिओ कार्यक्रमाकडे जातं. रेडिओवर लागलं तर उत्तम, नाही लागलं तर पुढचं पाठवायचं. इथली मुलं हे फार सहज घेतात, आपल्यालाच जास्त लागतं.

गर्दीत लेबलचा माणूस बसलेला असतो का?

बहुतेक वेळा नसतो. कधी असतो. ३१ मे १९९३ ला ग्लासगोच्या किंग टट्स या लहानशा जागी ओएसिस हा मँचेस्टरचा अनसाइन्ड बँड सुरुवातीला वाजवून गेला, आणि क्रिएशन रेकॉर्ड्सचे ॲलन मॅगी तेव्हा तिथे होते. त्यांनी तिथल्या तिथे कराराची तयारी दाखवली. ही गोष्ट पोरांना जरूर सांगा. फक्त मॅगी त्या रात्री ओएसिससाठी आलेच नव्हते, हेही सांगा.

चौघांत काय ठरलंय ते लिहून ठेवावं का? मित्रच आहेत ना सगळे.

मित्र आहेत म्हणूनच लिहून ठेवा. हा प्रश्न सगळ्यांत कमी वेळा येतो आणि सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

आधी हे समजून घ्या की गाण्याचे हक्क दोन प्रकारचे असतात. शब्द आणि चाल हा एक, तो लिहिणाऱ्याचा. प्रत्यक्ष रेकॉर्डिंग हा दुसरा. ब्रिटनमध्ये हक्क मिळायला कुठे नोंदणी करावी लागत नाही, गाणं लिहिलं किंवा रेकॉर्ड झालं की तो आपोआप येतो. मानधन वसूल करणाऱ्या संस्थाही दोन आहेत: गाणं लिहिणाऱ्यांसाठी पीआरएस फॉर म्युझिक आणि रेकॉर्डिंगसाठी पीपीएल. पबमध्ये स्वतःचं गाणं वाजवलं तरी पीआरएसकडे त्याची नोंद देता येते. रक्कम लहान असते, पण हक्काची असते.

आता मँचेस्टरच्या द स्मिथ्स या बँडचं उदाहरण घ्या. १९८२ मध्ये सुरू झाला, १९८७ मध्ये फुटला. वाजवण्याच्या आणि रेकॉर्डिंगच्या कमाईत गायक मॉरिसी आणि गिटारवाला जॉनी मार यांना ४०-४० टक्के, बेसवाल्याला आणि ड्रमवाल्याला १०-१० टक्के मिळत होते. हे ठरल्याचा लेखी कागद नव्हता. ड्रमर माइक जॉइस कोर्टात गेला. १८९० च्या भागीदारी कायद्यानुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर भागीदारांचे वाटे समान. १९९६ मध्ये त्याच्या बाजूने २५ टक्क्यांचा निकाल लागला आणि १९९८ मध्ये अपील कोर्टानेही तो कायम ठेवला. शंभर वर्षांपेक्षा जुना, दुकानदारांसाठी असावा असा वाटणारा कायदा चार मित्रांच्या बँडला लागू झाला.

आमच्या पोरांनी वहीच्या एका पानावर लिहिलं: गाणं कुणीही आणो, चौघांचा वाटा सारखा. नाव चौघांचं. कुणी सोडून गेलं तर तोवरच्या गाण्यांतला वाटा त्याचाच. खाली चार सह्या आणि तारीख. वीस मिनिटं लागली.

अभ्यासाचं काय? खरं सांगा.

हा प्रश्न बाकीचे सगळे विचारून झाल्यावर, आवाज खाली आणून विचारतात.

टर्नरचे आई-वडील दोघंही शिक्षक. आई जर्मन शिकवायची, वडील संगीत. मुलगा बार्न्सली कॉलेजमध्ये शिकला. अठराव्या वर्षी त्याने विद्यापीठात जाणं एक वर्ष पुढे ढकललं, आणि घरच्यांनी त्याला तेवढी मुदत दिली. मला यात ‘एक वर्ष’ हे शब्द महत्त्वाचे वाटतात. इथल्या विद्यापीठांत प्रवेश वर्षभर पुढे ढकलायची सोय बऱ्याचदा मिळते, ती आधी विचारून घ्या. आमच्या घरी ठरलंय ते असं: ए लेव्हल, म्हणजे इथली बारावी, पूर्ण करायची, परीक्षेच्या दोन महिन्यांत गिग नाही, आणि त्यानंतर एक वर्ष तिचं. तिच्या बाबांना हे मान्य व्हायला दिवाळीपासून होळीपर्यंत वेळ लागला. गेल्या महिन्यात त्यांनीच व्हॅनच्या भाड्याची चौकशी केली.

आपली मुलं इंग्लिश उच्चारात कमी पडतील का?

उलट आहे. आर्क्टिक मंकीज ऐका: शेफिल्डच्या ठसक्यात गातात. त्या काळात अमेरिकी वळणाने गाणारे अनेक होते. यांनी घरी बोलतो तसंच गायलं, आणि गाणीही टॅक्सीच्या रांगेवर, क्लबच्या दारावरच्या दांडगट माणसांवर, शुक्रवारच्या रात्रीवर लिहिली. आमची पोरगी शाळेत यॉर्कशरची बोलते आणि आजीशी कोल्हापूरची. दोन्ही तिचीच. ती ज्या बसने जाते तिच्याबद्दल लिहिते तेव्हा ओळ खरी उतरते.

मॅनेजर लागतो का?

पहिल्या वर्षी नाही. मेलला उत्तरं देणारा आणि तारखा लिहून ठेवणारा एक जण बँडमध्येच ठरवा.

वय कमी असेल तर पबमध्ये वाजवू देतात?

पुष्कळ ठिकाणी देतात, पण प्रत्येक जागेचा नियम वेगळा. तारीख पक्की करण्याआधी वय सांगा. अठराच्या खाली दारू विकत मिळत नाही, आणि काही जागी वाजवून झालं की पोरांना बाहेर पडावं लागतं. त्यात अपमान मानू नका.

कानांचं काय?

पहिल्या दिवसापासून इअरप्लग. ब्रिटनच्या २००५ च्या नियमांनुसार कामाच्या ठिकाणी आवाजाची रोजची सरासरी ८५ डेसिबलवर गेली की कान झाकणं सक्तीचं होतं. बंद खोलीतला ड्रम त्याच्या सहज वर जातो. वाजवणाऱ्यांसाठीचे खास प्लग मिळतात, त्यांत स्वर गढूळ होत नाही.

मग करार कधी करायचा?

गरज उरली नाही असं वाटायला लागेल तेव्हा, असं मी म्हणेन. २००५ च्या मे महिन्यात आर्क्टिक मंकीजनी स्वतःच्या बँग बँग रेकॉर्डिंग्ज या नावाने पहिली तबकडी काढली: ५०० सीडी आणि १००० सात इंची विनाइल, बस्स. जूनमध्ये त्यांनी डोमिनो या लेबलशी करार केला. डोमिनो हे मोठ्या कंपन्यांपैकी नव्हे. लॉरेन्स बेल यांनी ते आपल्या फ्लॅटमधून सुरू केलं होतं आणि ते स्वतःला आवडेल तोच बँड घ्यायचे. ऑगस्टमध्ये रीडिंग आणि लीड्स महोत्सवात नवख्यांसाठीच्या लहान मंचावर या मुलांसमोर तुडुंब गर्दी होती. ऑक्टोबरमध्ये डोमिनोकडून आलेलं पहिलं सिंगल, म्हणजे सुटं काढलेलं गाणं, ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेलं. जानेवारी २००६ मध्ये आलेला अल्बम पहिल्या आठवड्यात ३,६३,७३५ प्रती खपला.

लोकांना हा शेवटचा आकडा आठवतो. मला त्या १५०० तबकड्या आठवतात. करार झाला तेव्हा श्रोते आधीच त्यांचे होते, म्हणून कुणाशी करायचा हे त्यांना निवडता आलं.

एखाद्याला झेपलं नाही तर?

तर त्याला सोडता यायला हवं. अँडी निकल्सन २००६ मध्ये, यश अगदी भरात असताना बँडमधून बाहेर पडला. त्याआधी अमेरिकेच्या दौऱ्याला थकव्यामुळे तो गेला नव्हता. पोरं गप्प व्हायला लागली, तालमीला उशिरा यायला लागली, तर बँडबद्दल बोलू नका. झोप होते का, जेवण होतं का ते विचारा.

आम्ही गिगला आलो तर मुलीला अवघडल्यासारखं होईल का?

या. आमच्या पहिल्या गिगला बावीस माणसं होती, त्यांतली पाच मंडळातली, आणि लेक आजही ती नावं सांगते. तिकीट स्वतः काढा. पहिला बँड साडेसातला सुरू होतो, म्हणजे साडेसातलाच होतो, तेव्हा सात वाजता पोहोचा. पुढे अगदी मंचाला लागून उभे राहू नका, मागे भिंतीलाही टेकू नका. खोलीच्या मध्यावर, साउंडवाल्याच्या टेबलाच्या थोडं पुढे उभे राहा. तिथे आवाज सगळ्यांत चांगला लागतो आणि मंचावरून तुमचे चेहरे दिसत नाहीत. पोरांचं झालं म्हणून लगेच निघू नका, पुढच्या बँडची निदान तीन गाणी ऐका. आणि दारावरच्या मुलीने विचारलं, कुठल्या बँडसाठी आलात, तर ‘सगळ्यांसाठी’ म्हणू नका. पोरांच्या बँडचं नाव नीट, मोठ्याने सांगा, आणि ती रेघ मारेपर्यंत थांबा.